चूक कोण करणार

कांद्याच्या माना पडल्या आणि नेमका त्याच सोमवारी माझ्या प्रशिक्षणाचा आदेश आला. पाच दिवस, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, आणि खाली ठळक अक्षरांत, गैरहजेरीची गय केली जाणार नाही. आभाळ रोज दुपारनंतर भरून येत होतं. काढणीला आलेल्या कांद्यावर एक जोराची सर पडली की वर्षाची मेहनत जमिनीतच सडते. हे आदेश काढणाऱ्याला कोण सांगणार? त्याच्या खिडकीतून आभाळ दिसत असेल, कांदा दिसत नसेल.

"जा तू," थोरली जाऊ म्हणाली. "तुझ्या वाटणीचे पाच दिवस मी ओढते. नाहीतरी मीच ओढते."

हे शेवटचं वाक्य ती नेहमी लावतेच. आमचं अंगण एक, चुली दोन. सासरे जायच्या आधी रानाची तोंडी वाटणी करून गेले, कागद अजून त्यांच्याच नावावर आहेत. रस्त्याकडचं रान आमचं, नदीकडचं थोरल्यांचं. थोरले दीर ट्रक चालवतात, पंधरा दिवसांतून एकदा घरी येतात आणि आल्या आल्या झोपतात. त्यामुळे नदीकडचं रान म्हणजे एकट्या जाऊबाईचं. काढणी मात्र सगळे मिळून करतो, आधी आमची आणि मग तिची. दरवर्षी आमच्या पोत्यांची थप्पी उंच लागते आणि तिची बुटकी राहते. मग घरातलं, शेजारचं कोणीतरी म्हणतंच, की थोरलीच्या हाताला बरकत नाही. मीही म्हणाले आहे. तिच्या तोंडावर नाही, पण ती पलीकडे भांडी घासत होती आणि तिला ऐकू गेलं होतं.

प्रशिक्षणाचा हॉल बंद खिडक्यांचा. आम्ही बेचाळीस शिक्षक आणि पंखे तीन. मी पहाटे उठून दोन वाफे उपटून, पात कापून, हात राखेनं घासून गेले होते. तरी माझ्या शेजारची खुर्ची रिकामीच राहिली. शिकवायला आलेला साहेब वयानं माझ्या धाकट्या भावाएवढा. दर वाक्याला घड्याळ बघायचा, म्हणून आम्ही पहिल्याच दिवशी त्याचं नाव मिनिटसाहेब ठेवलं. तो बोलता बोलता माझ्या रांगेपाशी आला आणि वास हुंगत थांबला.

"ताई, पिशवीत काही आणलंय का?"

"हात आणलेत," मी म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले होते. नंतरचे चार दिवस मी हात टेबलाखाली ठेवून बसले.

त्यानं आम्हाला पाठ टाचणाचा नवा फॉर्म दिला. एकोणीस रकाने. उत्सुकता जागवणं, तीन मिनिटं. परिसरातलं उदाहरण, चार मिनिटं. तंत्रज्ञानाचा वापर, सहा मिनिटं. पालकांचा सहभाग, दोन मिनिटं. मधोमध अकरावा रकाना होता, विद्यार्थ्याची चूक आणि त्यातून शिक्षण, चार मिनिटं.

मी हात वर केला. "सर, त्या चार मिनिटांत कोणी चुकलंच नाही तर?"

"प्लॅनिंग करा ताई. चूक कुठे होईल याचा अंदाज चांगल्या शिक्षकाला आधीच असतो."

"आणि कोणी आधीच्याच रकान्यात चुकलं तर?"

"ते मग व्हिडिओच्या एडिटिंगमध्ये काढा."

बावीस वर्षं मी चुका दुरुस्त करतेय. चूक पेरायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

त्याच्यावर सगळा राग काढणं बरं नाही, हेही सांगते. चौथ्या दिवशी दुपारी लाइट गेली, प्रोजेक्टर बंद पडला, आणि तो अर्धा तास कागद न बघता बोलला. म्हणाला, वर्गात जी चूक बाहेर पडत नाही ती मूल बाहेर जाऊन करतं, आणि बाहेर बाई नसते. मूल शोधत असेल तेव्हा तुम्ही तोंड बंद ठेवा, काही झालं तरी मध्ये पडू नका. तेवढं मी वहीत लिहून घेतलं. मग लाइट आली आणि तो पुन्हा घड्याळ बघायला लागला.

शेवटच्या दिवशी चहाच्या आधी त्यानं खरी गोष्ट सांगितली. वीसपेक्षा कमी पट असलेल्या प्रत्येक शाळेनं या फॉर्मबरहुकूम एक पाठ घ्यायचा, त्याचा व्हिडिओ करायचा आणि पुढच्या शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत पाठवायचा. मंजूर झाला तर शाळा राहील. नाही झाला तर पोरं नदीपलीकडच्या मोठ्या शाळेत घालायची. आमचा पट एकोणीस. नदीपलीकडची शाळा सात किलोमीटर.

घरी आले तर जाऊ अंगणात पाय पसरून कांद्याची पात कापत बसली होती. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. मीही विळा घेऊन शेजारी बसले आणि तिला सगळं सांगितलं. तिचा विळा थांबला.

"म्हणजे मुंगीची शाळा बंद," ती म्हणाली.

मुंगी तिची लेक, पाचवीत. अंगानं बारीक आणि सदा काहीतरी ओढून नेणारी, म्हणून मुंगी.

"बंद कशाला ताई? पलीकडे जाईल."

"एकटी? नदी ओलांडून? मी रानात राबू की हिच्या मागे फिरू?" तिनं कांदा पाटीत फेकला. "शाळा इथे आहे तोवर शिकेल. नाहीतर माझ्याबरोबर रानात. तुझं बरं आहे बाई, तुझा मुलगा शहरात मामाकडे शिकतोय."

स्वतःच्या मुलाला शहरात ठेवून मी दुसऱ्यांची पोरं गावात शिकवते, हे खरंच आहे. मी मान खाली घालून पात कापत राहिले.

सोमवारपासून तयारी. विषय घेतला घेर आणि क्षेत्रफळ. टॅबलेटवर ठिपक्यांचा एक खेळ होता. बोटानं चौकोनाचा कोपरा ओढायचा, बाजू बदलतात आणि आत किती घरं बसतात तो आकडा वर दिसतो. टॅबलेट खराब होऊ नये म्हणून आमच्या हेडमास्तरांनी तो दोन वर्षं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवला होता. किल्ली शोधण्यात मंगळवार गेला. परिसरातलं उदाहरण म्हणून मी शेताचं कुंपण घेतलं. इतकं सुचल्यावर फार हुशारी केल्यासारखं वाटलं मला.

अडलं ते अकराव्या रकान्यापाशी. आमच्या वर्गात चुकांचा तोटा नाही, पण फॉर्मात बसेल अशी एकही नाही. एकाला विचारलं तर तो रडतो, दुसरा खिडकीबाहेर बघतो, तिसरी काहीही विचारलं तरी "बारा" म्हणते. नेमकं वाक्य, नेमक्या मिनिटाला, खणखणीत आवाजात चुकेल अशी एकच पोरगी होती, ती म्हणजे मुंगी. तिला वाक्य दिलं, "बाई, कुंपण सारखं असेल तर शेतंही सारखीच असणार."

"पण ते चूक आहे," मुंगी म्हणाली.

"माहीत आहे. म्हणूनच म्हणायचं."

"मग मला येत नाही असं वाटेल."

"वाटू दे ना. पुढे चार मिनिटांत तुला येणार आहे."

"मला आत्ताच येतंय."

तीन दिवस तालीम केली. ती वाक्य म्हणायची, पण असं की जणू तोंडात खडा आहे. गुरुवारी संध्याकाळी ते जाऊच्या कानावर गेलं. आम्ही वाळवलेला कांदा पोत्यांत भरत होतो.

"माझ्या पोरीलाच का?" तिनं पोतं तसंच सोडलं. "तिचा बाप तो व्हिडिओ सगळ्या ड्रायव्हरांना दाखवेल. हौसेनं दाखवेल. आणि त्यात काय, तर पोरगी ढ! मला ढ म्हणून झालं, आता हिला?"

"ताई, नाटक आहे ते. शाळा वाचवायची आहे."

"मग तू कर ना चूक. तुला पगार आहे त्याचा."

"फॉर्ममध्ये विद्यार्थ्याची चूक लागते."

"तुझ्या फॉर्मला लाव काडी," ती म्हणाली आणि पोत्याचं तोंड इतकं ओढून शिवलं की सुतळी तुटली.

शुक्रवारी सकाळी मात्र ती स्वतःच आली. रात्रभर विचार केला असावा, डोळे सुजलेले. "शाळा राहणार असेल तर म्हणेल ती. पण मी तिथे बसणार. कोणी फिदीफिदी केलं तर बघते त्याला." पालकांच्या सहभागाचा रकाना रिकामाच होता. मी तिला लगेच त्यात घालून टाकलं.

शनिवारी सकाळी लाइट अकरापर्यंत. खिडक्यांना गोणपाटं, प्रोजेक्टरसमोर भिंतीवर चादर, एकोणीस पोरं तेल चोपडून बसलेली. जाऊ मागच्या बाकावर, कांद्याच्या मातीचे पाय बाकाखाली लपवून. हेडमास्तरांनी फोन खुर्चीच्या पाठीला बांधला आणि हलू नये म्हणून वरून धरून बसले. पहिला पाठ सुरेख झाला, मुंगीनं वाक्यही म्हटलं, आणि मग कळलं की पूर्ण वेळ हेडमास्तरांचा अंगठा लेन्सवर होता.

"आवाज मात्र स्वच्छ आलाय," ते म्हणाले.

माणसाच्या सहनशक्तीलाही अंत असतो. मी पाणी प्यायले, एकोणीस पोरांना पुन्हा पहिल्यासारखी उत्सुकता जागवायला सांगितली आणि सुरुवात केली. साडेदहा वाजले होते.

"दोन शेतकरी आहेत. दोघांकडे सारखीच तार, चारशे पावलं. दोघांनी आपापल्या शेताला कुंपण घातलं. दोघांची शेतं सारखी झाली का?"

मुंगीची वेळ होती. ती उभी राहिली, मागे वळून आईकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले.

"बोल बाळ. सारखी का?"

"नाही," मुंगी म्हणाली.

गेलं सगळं मुसळ केरात. एकदा सगळ्यांसमोर चुकली तेवढं पुरे झालं होतं तिला. लाइट जायला वीस मिनिटं, आणि माझ्याकडे चूकच नाही. मी तिच्याकडे डोळे वटारत होते तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला.

"नाही कशी? सारखीच की."

जाऊ. ती नाटक करत नव्हती. पहिल्या पाठात ती कोण हसतंय एवढंच बघत बसली होती, ठरलेली चूक नेमकी कुठली ते तिला ठाऊकच नव्हतं. तिला वाटलं, पोरगी घाबरून चुकली, आणि ती तिला सावरत होती.

"तार सारखी म्हणजे रान सारखं. आपलं नाही का? तुझ्या आजोबांनी चार भेंडोळी आणली तारेची. दोन आम्हाला दिली, दोन काकांना. म्हणाले, ज्याच्या त्याच्या तारेत मावेल ते ज्याचं त्याचं. तार सारखी, रान सारखं, भांडण नको."

एक पोरगं खुदकन हसलं. मुंगीनं त्याच्याकडे असं पाहिलं की ते गप्प झालं. मग ती टॅबलेटपाशी गेली.

"आई, आपलं रान लांबीला किती पावलं?"

"एकशे साठ."

"आणि रुंदीला?"

"चाळीस. नदीमुळे चिंचोळं आहे ना ते."

मुंगीनं कोपरा ओढला. चादरीवर एक लांबडी पट्टी उमटली. वर आकडा आला, सहा हजार चारशे. पोरांनी तो एका सुरात वाचला. तोवर मला कळलं होतं पुढे काय येणार ते. वाटलं, थांबवावं, म्हणावं की आता बागेचं उदाहरण घेऊ. पण मूल शोधत होतं, आणि मी तोंड बंद ठेवायचं होतं. मुंगी माझ्याकडे वळली.

"काकू, तुमचं किती?"

वर्गात ती मला बाई म्हणते. काकू पहिल्यांदाच म्हणाली.

खोटं बोलता आलं असतं. आमचंही एकशे साठ आणि चाळीस म्हटलं असतं तर तिथे कोण मोजायला जाणार होतं? हेडमास्तर कुजबुजले, "बाई, चालू आहे बरं का." मी म्हणाले, "एकशे दहा. आणि नव्वद."

तिनं ओढलं. मोठा, ऐसपैस चौकोन. नऊ हजार नऊशे.

पोरांनी तोही आकडा खणखणीत वाचला. तार दोन्हींना चारशेच, हे तिसऱ्या रांगेतल्या पोरीनं आपणहून बेरीज करून सांगितलं, तीच जी नेहमी बारा म्हणते. जाऊ चादरीकडे बघत उभी राहिली. मातीचे पाय लपवायचं विसरली. तिनं एकदा पट्टीकडे पाहिलं आणि एकदा चौकोनाकडे. मग "कांदा उन्हात आहे माझा," एवढं म्हणून निघून गेली. अकराला लाइट गेली.

दुपारी मी तो व्हिडिओ यांना दाखवला. दाखवायला नको होता की काय, ते मला अजून कळत नाही. हे शेवटपर्यंत बघत राहिले आणि फोन पालथा ठेवला.

"हे पाठवायचं नाही. सगळ्या जगाला घरातलं कशाला? दुसरं कर काहीतरी."

"लाइट नाही, पोरं घरी गेली आणि सहाच्या आत जायला हवं. नाहीतर शाळा जाते."

"वडिलांनी केलेली वाटणी आहे. बारा वर्षं कोणी चकार शब्द काढला नाही."

जाऊ दारात उभी होती. कधी आली कोण जाणे. मागे मुंगी पाटी घेऊन. "भाऊजी, बारा वर्षं मला मोजता येत नव्हतं," ती म्हणाली. "आता पोरीनं मोजलंय. अजूनही एक मोजलंय. सांग गं."

मुंगीनं पाटी बघून सांगितलं. मागच्या साली आमची पोती नव्वद, तिच्या आईची पासष्ट. पण रानाच्या हिशोबानं पाहिलं तर आमच्याकडे एका पोत्याला एकशे दहा घरं लागली आणि तिच्या आईला अठ्ठ्याण्णव.

"म्हणजे कोणाचा हात बरा?" जाऊनं विचारलं. माझ्याकडे बघून.

मी उत्तर द्यायच्या आत हेच माझ्यावर घसरले. "वहिनींना येत नव्हतं, ठीक. तुला तर येत होतं ना? दरवर्षी हाच धडा शिकवतेस. मग तू का नाही मोजलंस?"

बोलले रागानं, पण बोलले ते खरं होतं. बावीस वर्षं मी कोणाकोणाच्या बागांना, हौदांना, खेळाच्या मैदानांना फळ्यावर कुंपणं घातली. बारा वर्षं नदीकडच्या त्या पट्टीत वाकून तिचा कांदा काढला. एकदाही मनात आलं नाही. की आलं होतं आणि मी पुढचा वाफा धरला? शरम वाटली, आणि शरमेपेक्षा स्वतःचाच संताप जास्त आला. मी फोन उचलला आणि पाठ पाठवून दिला. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. हे उठून बाहेर गेले आणि चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

बुधवारी मंजुरी आली. मागोमाग मिनिटसाहेबाचा फोन. आवाजात घड्याळ नव्हतं.

"ताई, अकरावा रकाना काय जमलाय तुमचा! इतकी अस्सल चूक कोणाच्याच पाठात नाही. आणि पालकाकडून! त्या बाईंची तालीम किती दिवस घेतली?"

"बारा वर्षं," मी म्हणाले.

तो खूप हसला. पुढच्या तुकडीसमोर येऊन बोलाल का, असंही विचारलं. मी म्हटलं, अजून नदीकडचा निम्मा कांदा निघायचा आहे.

शाळा राहिल्याचं सांगायला जाऊकडे गेले. ती "बरं झालं" म्हणाली आणि मुंगीच्या डोक्यावरून हात फिरवला. रानाचा शब्दही काढला नाही. त्या दिवसापासून काढलाच नव्हता. भांडली असती तर सोपं गेलं असतं. मला दारात तसं उभं राहणं सहन होईना. घरी आले, कोपऱ्यातली पहार उचलली आणि दोन रानांच्या मधल्या कुंपणाकडे चालू लागले. यांनी ओट्यावरून पाहिलं. "डोकं फिरलंय का?" चार दिवसांनंतरचं हे पहिलं वाक्य. मी थांबले नाही.

पहिल्या खांबाच्या बुडाशी माती दगडासारखी झालेली. चार घाव घातले तर चिमूटभर उकरली. पाचव्याला जाऊ येऊन पोचली, पाठोपाठ मुंगी.

"थांब," जाऊ म्हणाली. "कुठे नेणार खांब?"

"आत. आमच्याकडे."

"किती आत? आधी मोज. या घरातल्या अंदाजानं माझी बारा वर्षं गेली."

मुंगीजवळ हिशोब तयारच होता. दोघांचं मिळून रान किती, त्याचं निम्मं किती, मधलं कुंपण एकशे दहा पावलं. "सोळा पावलं आत," ती म्हणाली.

तोवर हेही बांधावर येऊन उभे राहिले होते, हात मागे बांधून. दादा घरी नाहीत, कागद झाले नाहीत, लोक काय म्हणतील, असं बरंच काही बोलून झालं. मग म्हणाले, "सोळा पावलं म्हणजे कोणाची पावलं?"

जाऊनं पदर खोचला, जुन्या खांबाला टाच लावली आणि आमच्या रानात चालायला लागली. लांब नाही, आखूड नाही, रोजची चाल. मुंगी मोठ्यानं मोजत मागे. सोळा झाल्यावर ती थांबली, टाचेनं ढेकूळ फोडलं आणि वळली.

"इथे खणा, भाऊजी."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पहार त्यांच्यापुढे धरली.